नाही म्हणायचं असेल, तर लेखी म्हणा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्ती अर्जांना मुदतवाढ मिळाल्याची बातमी आपल्या दैनिकात दरवर्षी येते. ती मी कापून माझ्या सेवा केंद्राच्या दारावर चिकटवते, कारण ती वाचून आठवडी बाजाराला आलेले पालक आत येतात. पण हे पत्र मुदतवाढ मागण्यासाठी लिहीत नाही. आटपाडी तालुक्यातल्या एका गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. बारावीचा निकाल लागला की पुढे दिवाळीपर्यंत, कधी संक्रांतीपर्यंत, दाखले आणि शिष्यवृत्तीचे अर्ज हेच माझं काम असतं. हे काम करता करता माझी एक खात्री झाली आहे. आमच्याकडच्या मुलांची शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज नियमांत न बसल्यामुळे जेवढं बुडतं, त्याहून जास्त तोंडी नकारामुळे बुडतं. कॉलेजच्या खिडकीवर किंवा बँकेच्या टेबलापाशी कुणीतरी म्हणतं, ‘होणार नाही.’ त्याचा कागद कुठेच तयार होत नाही. मूल गप्प बसून घरी येतं आणि आईबाप सोनं गहाण टाकायला नाहीतर बचत गटाकडे निघतात. कागदच नसेल तर अपील करायचं कशावर आणि दाद मागायची कुणाकडे?

आधी प्रवेशाच्या वेळचं सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

आमच्या आटपाडी-खानापूर भागातली कितीतरी घरं गलाईवाल्यांची आहेत. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी बाप तमिळनाडूत, केरळात, दिल्लीत, कुठे कुठे असतो. आई इथे म्हातारी माणसं आणि दोन जनावरं सांभाळते. अशाच एका घरातली मुलगी इंजिनीअरिंगला लागली. इतर मागासवर्गातली, प्रवेश केंद्रीय फेरीतून, उत्पन्नाचा दाखला आठ लाखांच्या पुष्कळ खाली. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग या तिन्ही गटांतल्या मुलींना ते लागू आहे. त्याआधी सवलत निम्मीच होती. पण खिडकीवर तिच्या आईला सांगितलं गेलं, ‘आधी पूर्ण फी भरा. शासनाकडून आली की परत देऊ.’ आईने पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या आणि पैसे भरले. पावतीवर ‘शुल्क’ एवढाच शब्द. सवलतीला पात्र असताना हे पैसे घेतले, असं त्या पावतीवरून कुणाला कळणार?

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका मुलीची तीच वेळ आली, तेव्हा मी तिला साध्या कागदावर अर्ज लिहून दिला. मी या शासन निर्णयानुसार सवलतीस पात्र आहे. तरीही शिक्षण शुल्क भरावं लागणार असेल, तर तसं कारणासह लेखी कळवावं, एवढंच त्यात होतं. दोन प्रती दिल्या आणि सांगितलं, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नकोस. खिडकीवरचे गृहस्थ आत जाऊन आले. त्या मुलीकडून इतर किरकोळ शुल्क तेवढं घेतलं गेलं, शिक्षण शुल्क मागितलं गेलं नाही. मंत्र्यांनी, संचालनालयांनी, सगळ्यांनी सांगून झालं आहे की पात्र विद्यार्थ्यांची अडवणूक करू नका. ते सांगणं मुंबई-पुण्यातून निघतं आणि खिडकीपर्यंत पोचताना विरतं. त्या मुलीच्या हातातला एक कागद मात्र खिडकीवर चालला.

मुलांच्या बाबतीतही हेच होतं. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. म्हणजे प्रवेशाला निम्मंच घ्यायला हवं. पूर्ण मागितलं जातं तेव्हा बाप विचारतो, ‘साहेब, अर्धंच हाय न्हवं?’ आणि मागच्या रांगेतले लोक त्याला ‘चला, चला’ म्हणतात.

आता दाखल्यांचं. उत्पन्नाच्या दाखल्यावर सगळी शिष्यवृत्ती उभी असते. मार्चअखेर जुना दाखला संपतो आणि जून-जुलैत सगळ्या तालुक्याला एकदम नवा लागतो. महसूल खात्याला लोक नावं ठेवतात, पण मी इथे त्यांची बाजू घेणार आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आल्यापासून दाखल्याच्या अर्जाला क्रमांक असतो, तारीख असते, उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत असते. नाकारलं तर कारण लिहावं लागतं. त्यावर प्रथम अपील, द्वितीय अपील आणि वर आयोग. कसूर केली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांचा दंड होऊ शकतो. प्रत्यक्षात दंड कुणाला होताना मी पाहिलेला नाही, पण तो होऊ शकतो हे टेबलाच्या दोन्ही बाजूंना माहीत असतं आणि त्याचा उपयोग होतो.

एक उदाहरण देते. डाळिंबाची बाग असलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलाचा दाखला वाढीव उत्पन्नाचा आला. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत डाळिंब लागलेलं, म्हणून आकडा मोठा. बाग मात्र तेल्या रोगाने गेलेली. फळं झाडावरच काळी पडून फुटलेली. आमच्याकडे ही गोष्ट घरोघर आहे. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं, बागा वाढल्या, आणि एका पावसाळ्यात तेल्याने वर्षाची कमाई जाते. पण आकडा कागदावर होता, म्हणून त्याच्यावर बोट ठेवता आलं. बाजार समितीच्या पट्ट्या आणि नुकसानीचा पंचनामा जोडून त्यांनी पुन्हा अर्ज केला आणि तहसील कार्यालयाने दाखला दुरुस्त करून दिला. चूक लेखी असली की ती दुरुस्त होते. जे दाखल्याला शक्य झालं ते शिष्यवृत्तीला आणि कर्जाला का होऊ नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

महाडीबीटीवर अर्ज भरला की पालकांना वाटतं, काम झालं. खरं काम तिथून सुरू होतं. अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, तिथून त्या त्या खात्याकडे जातो. समाजकल्याण, इतर मागास बहुजन कल्याण, उच्च शिक्षण, तंत्रशिक्षण, ज्याची योजना त्याच्याकडे. यातल्या कुठल्याही पायरीवरून तो ‘सेंड बॅक’ होऊ शकतो. शेरा एका ओळीचा, तोही इंग्रजीत: ‘डॉक्युमेंट नॉट प्रॉपर’. अर्जाला दहा कागद जोडलेले असतात. त्यातला कुठला? पुसट आला, जुना आहे, नावात फरक आहे, की चुकीच्या जागी चढवला? मुलगी सांगलीला किंवा पुण्याला वसतिगृहात. मोबाइल क्रमांक बापाचा, कारण आधारला तोच जोडलेला. संदेश जातो तमिळनाडूत. गलाईच्या दुकानात दिवसभर भट्टीपाशी बसलेला माणूस इंग्रजी संदेश कधी उघडणार? मुदत संपल्यावर मुलगी माझ्याकडे येते, ‘ताई, आमचं काय झालं बघा की,’ म्हणते. मी लॉगिन करते आणि तिच्या अर्जाखाली दोन महिन्यांपूर्वीची तारीख आणि ती एक ओळ दिसते.

माझ्या मते अर्ज परत पाठवणं हासुद्धा एक नकारच आहे, आणि तो ज्याला कळायला हवा त्यालाच कळत नाही. लिपिकांचीही मी बाजू समजते. एकाच माणसाकडे परीक्षा अर्ज, पात्रता, बस पास, निवडणुकीची कामं आणि वर शिष्यवृत्ती असते, आणि संकेतस्थळ दिवसा चालत नाही म्हणून तो रात्री घरी बसून अर्ज पुढे ढकलतो. त्याला दोष देऊन काही मिळणार नाही. पण परत पाठवलेल्या अर्जांची यादी दर सोमवारी कॉलेजच्या फलकावर लावायला आणि समोर मराठीत ‘उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा आहे’ असं एक वाक्य लिहायला काय लागतं? नावं लावायला संकोच वाटत असेल तर अर्ज क्रमांक लावा. सामाजिक न्याय विभागाने महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना योजनांसाठी मदत करणारी समान संधी केंद्रं काढायला लावली आहेत. कल्पना फार चांगली आहे. त्या फलकाखाली खुर्चीत ठरावीक वेळी एक माणूस बसला पाहिजे आणि त्याचा फोन क्रमांक मुलांना माहीत असला पाहिजे.

आता पैसे मंजूर होऊनही न मिळण्याचा प्रकार. यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याच याच असतात आणि कॉलेज, बँक, सरकारी खातं असे तिघेही ‘आमच्याकडून गेलंय’ म्हणतात.

बँकेत विचारलं की सांगतात, खातं आधारला लिंक आहे. ते खरंही असतं. केवायसीसाठी आधार क्रमांक खात्यावर नोंदवलेला असतो. पण शासनाचे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधार क्रमांकावर जातात. त्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत न्यायचे, हे एनपीसीआय या संस्थेच्या नोंदीत पाहिलं जातं. त्या नोंदीत एका आधारसमोर एकच बँक असते, शेवटी जिथे सीडिंग, म्हणजे या नोंदीत आधारची जोडणी, झालं ती. म्हणजे लिंक असणं वेगळं आणि सीडिंग असणं वेगळं. सीडिंगसाठी बँकेत वेगळा संमती अर्ज द्यावा लागतो. हे काउंटरवरच्या सगळ्याच कर्मचाऱ्यांना माहीत असतं असं नाही, मग दहावी शिकलेल्या आईला कसं असेल?

बाजारात छत्री लावून सिमकार्ड विकणारी मुलं असतात. अंगठा लावला की सिम चालू होतं, आणि त्याच अंगठ्यावर कधी कधी एखाद्या पेमेंट बँकेत खातंही उघडतं. एका मुलाची शिष्यवृत्ती अशाच खात्यात जाऊन पडली. आपलं असं काही खातं आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. वर्षभर घरात समज असा की सरकारने पैसे दिले नाहीत. बापाने कॉलेजात भांडण केलं, कॉलेजने सांगितलं, सरकारी खात्याला विचारा. त्या कार्यालयात कुणी सांगितलं, बँकेत विचारा. शेवटी आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहिली, तेव्हा तिथे त्या बँकेचं नाव निघालं. हे बघायला पाच मिनिटं लागतात, फक्त आधारला जोडलेला मोबाइल हाताशी हवा. प्रत्येक विद्यार्थ्याने अर्ज भरण्याआधी हे बघून घ्यावं, ही माझी हात जोडून विनंती आहे. आणि ‘पैसे पाठवले’ असं सांगणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने कुठल्या तारखेला, कुठल्या बँकेत, किती, हे लिहून द्यावं. तेवढं लिहिलेलं असतं तर त्या बापाचं भांडण झालं नसतं.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत आणखी एक गुंता आहे. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. अलीकडच्या बदलानंतर केंद्र सरकारचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के, आणि ते वेगवेगळ्या वेळी येतात. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात पडतो आणि त्यातली फीची रक्कम त्याने कॉलेजात भरायची असते. आता खात्यात एकदम काही हजार दिसले, त्यातले फीचे किती आणि निर्वाह भत्त्याचे किती, हे कुणी सांगायचं? घरात आजारपण असेल, बी-बियाण्याचे दिवस असतील, तर पैसे खर्च होतात. मग कॉलेज मार्कलिस्ट अडवतं. मुलगा फसवा आहे असं कुणी म्हणालं की माझा जीव तुटतो. रकमेबरोबर मराठीत चार ओळींचा हिशोब आला, तर ही वेळ येणार नाही.

शैक्षणिक कर्जाच्या बाबतीत तर तोंडी नकाराशिवाय दुसरं काही ऐकायलाच मिळत नाही. ‘या शाखेत एज्युकेशन लोन होत नाही.’ ‘कॉलेज जिथे आहे तिथल्या शाखेत जा.’ तिथे गेलं की, ‘तुमचं गाव जिथे आहे तिथल्या शाखेत जा.’ ‘वडिलांचं पीककर्ज थकलंय.’ ‘घर गावठाणात आहे, तारण चालत नाही.’ ‘आधी मागच्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणा,’ आणि आणल्यावर, ‘साहेब रजेवर आहेत.’ यातलं एक वाक्यही लिहून मागा, मिळणार नाही.

आणि नियम काय आहेत? बँकांच्याच संघटनेने, इंडियन बँक्स असोसिएशनने, शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना ठरवलेली आहे. तिच्याप्रमाणे चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारणही नाही आणि स्वतःचा हिस्साही भरायचा नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या पतहमी निधीचं संरक्षण घेता येतं. परतफेड शिक्षण संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते आणि १५ वर्षांपर्यंत करता येते. कर्ज शक्यतो विद्यार्थ्याच्या मूळ गावाजवळच्या शाखेने द्यावं असंही त्यात आहे. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, वरच्या अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय शाखेने अर्ज नाकारायचा नाही. रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये कर्ज देणाऱ्यांसाठी न्याय्य व्यवहाराची संहिता घालून दिली, तिच्यात तर नकाराची मुख्य कारणं अर्जदाराला लेखी कळवायची आहेत. सुरुवातीला ते छोट्या कर्जांपुरतं होतं, पुढे सगळ्याच कर्जांना लागू झालं.

म्हणूनच अर्ज घेतलाच जात नाही, असं मला वाटतं. अर्ज घेतला की तो नाकारावा लागेल, नाकारला की कारण लिहावं लागेल, कारण लिहिलं की वरच्याची सही लागेल. त्यापेक्षा दारातून परत पाठवणं सोपं. सगळे व्यवस्थापक असे नसतात. मुलाला खुर्ची देऊन बसवणारे, फॉर्म स्वतः भरून घेणारे अधिकारीही मी पाहिले आहेत, आणि त्यांची बदली झाली की गावाला हळहळ वाटते. पण मुलाचं शिक्षण एखाद्या भल्या माणसाच्या बदलीवर अवलंबून राहू नये.

बी. फार्मसीला लागलेल्या एका मुलाला शाखेत असंच तोंडी परत पाठवलं होतं. आम्ही शैक्षणिक कर्जाच्या अर्जांसाठी असलेल्या विद्यालक्ष्मी संकेतस्थळावरून अर्ज केला, त्याचा क्रमांक मिळाला. मग मुलाने शाखेत लेखी विचारणा दिली, पोच घेतली. काही दिवसांनी उत्तर आलं: सहकर्जदार, म्हणजे वडील, एका थकीत ट्रॅक्टर कर्जाला जामीनदार आहेत. घरात सगळे चकित. ते कर्ज चुलत्यांचं होतं आणि ते केव्हाच फिटलेलं होतं, पण नोंद तशीच राहिलेली. चुलत्यांनी बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, आणून दिला, नोंद दुरुस्त झाली, आणि दुसऱ्या वर्षाच्या फीला कर्ज मिळालं. पहिल्या वर्षाची फी बचत गटाच्या आणि मामाच्या पैशांतून गेली होती. बँकेने पहिल्याच दिवशी ते एक कारण लिहून दिलं असतं, तर हे वर्ष वाचलं असतं. बँकेचंही काही नुकसान झालं नसतं.

पीएम-विद्यालक्ष्मी योजनेबद्दल मला फार विचारलं जातं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती मंजूर केली. तारण नाही, जामीनदार नाही, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात आणि त्यानंतरच्या सवलतीच्या वर्षात तीन टक्के व्याज सवलत. योजना चांगली आहे. पण ती देशातल्या निवडक दर्जेदार संस्थांसाठी आहे, सुरुवातीला त्या ८६० होत्या, आणि देशात महाविद्यालयं ४० हजारांवर आहेत. आमच्याकडची मुलं ज्या कॉलेजांत जातात ती बहुतेक या यादीत नसतात. त्यांच्यासाठी नेहमीची आदर्श योजना आहेच. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी केंद्राची व्याज अनुदान योजना आहे. इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची व्याज परतावा योजनाही आहे; देशातल्या शिक्षणासाठी दहा लाखांपर्यंतच्या आणि परदेशातल्या शिक्षणासाठी वीस लाखांपर्यंतच्या कर्जावर जास्तीत जास्त १२ टक्के व्याज महामंडळ परत करतं. मात्र हे सगळं कर्ज मंजूर झाल्यावरचं आहे. बँकेने अर्जच घेतला नाही तर परतावा कशाचा?

माझे सासरे ईबीसीवर, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठीच्या फी सवलतीवर, शिकले. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, वर्षाला १,२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांची फी माफ झाली होती. यशवंतराव आमच्याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे, त्यामुळे इकडच्या म्हाताऱ्या माणसांना ती सवलत घरच्यासारखी वाटते. सासरे सांगतात, हेडमास्तर स्वतः वर्गात येऊन कुणाचा फॉर्म अपुरा आहे ते सांगायचे आणि तो पुरा करून घ्यायचे. आज फॉर्म लाखांनी आहेत, योजना कितीतरी पटीने जास्त आणि रकमाही मोठ्या आहेत. वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख योजना आहे, स्वाधार आहे, सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तेव्हापेक्षा सरकार आज जास्त देतं, हे मी मान्य करते आणि त्याचा मला आनंद आहे. पण अपुरा फॉर्म पुरा करून घेणारं कुणी उरलेलं नाही, आणि संगणकाने ते काम होत नाही.

म्हणून या पत्रातून जिल्हाधिकाऱ्यांना, समाजकल्याण आणि इतर मागास बहुजन कल्याण खात्यांच्या जिल्हा कार्यालयांना आणि जिल्ह्यातल्या बँकांचं काम जुळवून घेणाऱ्या अग्रणी बँकेला माझी विनंती आहे. बँकांची तिमाही बैठक होते, तिच्यात पीककर्जाचा आढावा शाखावार घेतला जातो. तसाच शैक्षणिक कर्जाचा घ्या. किती अर्ज आले, किती नाकारले, कारण काय, हे शाखेच्या नावासह जाहीर करा. एकही अर्ज न आलेली शाखा असेल तर तिथे मुलं नाहीत असं समजू नका. अर्ज दारातूनच परत गेलेत का, हे तपासा. कॉलेजांनी प्रवेशाच्या खिडकीवर मराठीत फलक लावावा: कुठल्या प्रवर्गाकडून आज किती शुल्क घेतलं जाईल आणि कुठल्या शासन निर्णयाने. परत पाठवलेल्या अर्जांची यादी दर आठवड्याला लावावी. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही, मंत्रालयात फाइल जावी लागत नाही. येत्या प्रवेशाच्या हंगामाआधी सांगली जिल्ह्यात हे करता येईल.

पालकांनाही दोन शब्द सांगते. खिडकीवर आवाज चढवू नका, आणि गप्प बसून परतही येऊ नका. दोन प्रती घेऊन जा. पोच मागण्यात उर्मटपणा काही नाही, तो तुमचा हक्क आहे. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. बँकेने महिन्याभरात उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला एक रुपयाही लागत नाही, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. दाखला अडला तर लोकसेवा हक्क कायद्याचं अपील आहे. कुठल्याही केंद्रात जा, माझ्याच केंद्रात या असं मी म्हणत नाही.

मी मुलांना जो मजकूर लिहून देते तो खाली देत आहे. आपण छापलात तर ज्याला लागेल त्याने कापून वापरावा. कॉलेज किंवा बँक, जिथे द्यायचा त्याप्रमाणे एखादा शब्द बदलावा.

‘मी दि. ____ रोजी आपल्या कार्यालयात ____ या योजनेसाठी / शैक्षणिक कर्जासाठी आलो / आले होतो / होते. माझा अर्ज क्रमांक ____ आहे. मला तोंडी सांगण्यात आले की, ____. कृपया हे कारण, ज्या नियमानुसार किंवा शासन निर्णयानुसार ते दिले आहे त्याच्या उल्लेखासह, लेखी कळवावे. अर्जात त्रुटी असल्यास कोणते कागदपत्र, काय त्रुटी आणि दुरुस्तीची शेवटची तारीख कळवावी. या अर्जाची पोच मिळावी.’

आपली विश्वासू,
एक सेवा केंद्रचालक,
ता. आटपाडी, जि. सांगली